न सांगितलेली गळती

मोटारीच्या पोटातून गळणाऱ्या तेलाविषयी नीतिशास्त्राला काही म्हणायचे असेल, असे मला अध्यापनाच्या पहिल्या वीस वर्षांत कधी वाटले नव्हते. तत्त्वज्ञानाचा अध्यापक या नात्याने मी वर्गात सत्यवचन, वचनपालन, कर्तव्यांचा परस्परविरोध अशा विषयांवर उदाहरणे देत असे. पण ती बहुधा ग्रंथांतून उचललेली असत आणि ग्रंथांतल्या उदाहरणांना वास नसतो. ज्या उदाहरणाविषयी येथे लिहीत आहे त्याला गंधकाचा उग्र दर्प आहे. गिअरबॉक्सचे जुने तेल ज्यांच्या हाताला कधी लागले असेल त्यांना तो ओळखता येईल. साबणाने तो सहज जात नाही.

आमची गाडी १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या ‘फिआट ११००’ची ही देशी आवृत्ती तयार होत असे. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोक तिला अखेरपर्यंत फिआटच म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. आज या गाड्या हौसेने जपणारे लोक आहेत. मी ज्या काळाविषयी बोलत आहे, त्या काळी ती जपायची वस्तू नव्हती, वापरायची होती. चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्यामुळे गाडी पुरती थांबल्यावाचून तो पडत नसे. पाडायचा प्रयत्न केला तर गाडी दात खाई.

गिअरबॉक्सची एक गोष्ट येथे सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. इंजिनात तेल फिरवण्यासाठी पंप असतो आणि तेलाचा दाब उतरला तर चालकासमोर लाल दिवा लागतो. अशा जुन्या गिअरबॉक्सला पंपही नाही आणि दिवाही नाही. खालच्या दांड्यावरची दातेरी चाके तेलात बुडालेली असतात. ती फिरताना तेल वर उडवतात आणि त्या शिंतोड्यांवर वरची चाके व बेअरिंगे जगतात. तेलाची पातळी त्या चाकांच्या दातांखाली गेली की वर काही पोहोचत नाही. हे घडत असताना चालकाला काहीही कळत नाही. कळते ते आवाजाने, आणि आवाज येऊ लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. तेल आहे की नाही हे पाहायचे तर गाडीखाली शिरून बाजूचा नट काढावा लागतो आणि भोकात बोट घालून चाचपावे लागते. किती मालक आयुष्यात एकदा तरी हे करतात?

आमच्या गाडीखाली, फाटकातल्या फरशीवर, १९८७ च्या सुमारास तेलाचा डाग दिसू लागला. पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या गॅरेजात आमचे उस्ताद होते. त्यांनी डागाचे बोट नाकाशी नेले आणि सांगितले, “साहेब, इंजिनाचं नाही. नव्वद नंबर आहे.” इंजिनाचे तेल काळे पडते व त्याला जळका वास असतो, गिअरच्या तेलाला गंधकाचा. एवढ्यावर त्यांनी निदान संपवले नाही. गळती ज्या ठिकाणी टपकते त्या ठिकाणी ती नसते, हा त्यांच्या विद्येचा पहिला पाठ होता. तेल वरून निघते, धातूच्या अंगाने ओघळते, गाडी चालत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि जेथे एखादी कड सापडेल तेथे थेंब होऊन लोंबते. त्यांनी सारा तळ रॉकेलने धुतला, फडक्याने कोरडा केला, आणि त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर चक्क उधळली. मग म्हणाले, “सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन या.” परत आल्यावर त्यांनी हातदिव्याचा उजेड टाकला. पावडरीवर गिअरबॉक्सच्या शेपटीपासून एक ओली, काळसर रेघ निघाली होती. आणि वरच्या पत्र्यावर, फिरत्या दांड्याने भिरकावलेल्या तेलाचा एक सरळ पट्टा उमटला होता. मागचे सील गळत होते.

सील म्हणजे रबराचे एक कडे. त्याची पातळ कड फिरत्या पोलादी कॉलरवर टेकलेली असते आणि तिला मागून एक बारीक स्प्रिंग आवळून धरते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर टणक होते, कड कोरडी पडते. पण उस्तादांनी मला दाखवले ते वेगळेच होते. कॉलरवर, जेथे सील टेकत होते तेथे, नखाला लागेल असा चर पडलेला होता. रबराने पोलाद झिजवले होते. हे कसे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की रबराच्या कडेत रस्त्यावरची धूळ रुतून बसते आणि मग ते रबर राहत नाही, कानस होते. अशा चरावर नवे सील बसवले तर ते चार महिन्यांत गळणार. शिवाय मागच्या बेअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा होता. दांडा किंचित डुलत होता, आणि डुलणाऱ्या दांड्यावर कोणतेही सील टिकत नाही. पुरते काम करायचे तर गिअरबॉक्स उतरवणे भाग होते. दोन-तीन दिवस आणि त्या काळच्या माझ्या पगाराचा बराच भाग.

“नाही केलं तर?” मी विचारले.

“काही होत नाही. महिन्याला बघायचं आणि घालायचं. घातलं तर गाडी तुमच्या मुलालाही पुरेल.”

मी तेच केले. पुढची जवळजवळ नऊ वर्षे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जुन्या पायजम्यात गाडीखाली शिरत असे आणि पिचकारीने पेलाभर तेल भरत असे. गाडी घर ते महाविद्यालय एवढ्या सपाट रस्त्यावर फिरे. एका दिवसाचाही त्रास झाला नाही. ही नऊ वर्षे लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण त्या काळात गाडीत दोष होता असे मला आजही म्हणता येत नाही. गाडीत गळती होती. ती मला ठाऊक होती, आणि माझ्या ठाऊक असण्याने ती बुजलेली होती.

१९९६ च्या जानेवारीत आम्ही गाडी विकायला काढली. विकायच्या आधी तिला गॅरेजात नेले, तेव्हा उस्तादांना मी काय सांगितले ते शब्दशः आठवते, कारण मी ते बरेच दिवस मनात जुळवले होते. मी म्हणालो, “खालून जरा स्वच्छ करून द्या, आणि तेल जाड घाला.” जाड म्हणजे नव्वदऐवजी एकशे चाळीस. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये घालतात ते. ते घट्ट असल्यामुळे हळू गळते, झिजलेल्या चाकांची कुरकुर दाबते, आणि थंडीत सकाळी गिअर जड पडतो एवढेच; पण त्याला गाडी जुनी आहे म्हणून असे म्हणता येते. उस्तादांनी काही टीका केली नाही. त्यांनी तळ धुतला, तेल भरले, आणि बिल करताना मान वर न करता विचारले, “एकशे चाळीस घातलं असं लिहू ना?” मी लिहा म्हटले. घरी आल्यावर गाडीच्या कागदांच्या फायलीत नऊ वर्षांची बिले क्रमाने लावली आणि ते एक बाजूला काढून टेबलाच्या खणात ठेवले. फाडले मात्र नाही. का फाडले नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

गाडी घेणारे गृहस्थ चिपळूणच्या एका शाळेत शिक्षक होते. ओळखीच्या ओळखीतून आले होते. सासुरवाडी कराडची, सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कुंभार्ली घाटातून वर जाता यावे म्हणून आयुष्यातली पहिली गाडी घेत होते. त्यांनी फाटकातली फरशी पाहिली. ती मी घासून घेतली होती. त्यांना मोटारीतले फारसे कळत नव्हते आणि त्यांनी तसे सांगितलेही. शेवटी, पैसे मोजून झाल्यावर, त्यांनी विचारले, “सर, गाडीबद्दल काही सांगण्यासारखं आहे का?”

मी म्हणालो, “घरची गाडी आहे. कधी रस्त्यात थांबलेली नाही.”

या दोन वाक्यांत एकही असत्य नाही.

आता गंमत अशी (गंमत हा शब्द येथे सोयीपुरता) की त्याच वर्षी मी एम.ए.च्या वर्गाला सिसेरोचा ‘कर्तव्यांविषयी’ हा ग्रंथ शिकवत होतो. इसवी सनापूर्वी ४४ साली मुलाला उद्देशून लिहिलेल्या या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हाच प्रश्न आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन एक सज्जन व्यापारी येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने ऱ्होड्सवासीयांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? स्टोइक पंथातील दोन आचार्य या प्रश्नावर परस्परविरुद्ध उभे आहेत. बॅबिलोनच्या डायोजिनीसचे म्हणणे असे की विक्रेत्याने कायदा सांगतो तेवढे दोष सांगावेत, खोटे बोलू नये, आणि त्यापलीकडे त्याच्यावर बंधन नाही. न सांगणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो की विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते सारे गिऱ्हाइकाला ठाऊक असले पाहिजे. पुढे घराचे उदाहरण येते: घर रोगट आहे, लाकूड किडके आहे, मालकावाचून कुणाला ते माहीत नाही. सिसेरो स्वतः अँटिपॅटरच्या बाजूला झुकतो. केवळ गप्प बसणे म्हणजे लपवणे नव्हे हे त्यालाही मान्य आहे. पण जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते आपल्या लाभासाठी त्याला कळू न देणे याला तो लपवणेच म्हणतो.

मी वर्गात डायोजिनीसची बाजू फार चांगली मांडत असे. विद्यार्थी वही मिटून ऐकत. भारतीय मालविक्री कायदा, १९३०, याचे सोळावे कलमही मी जोडीला देई: काही अपवाद सोडले तर मालाच्या गुणवत्तेची हमी विक्रीत गृहीत धरलेली नसते, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. आणि तौलनिक विचाराची हौस म्हणून धर्मशास्त्राकडेही जाई. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भेसळीचा, निकस, कमी भरणारा किंवा झाकलेला माल विकू नये असा निर्बंध आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तर घेतलेली वस्तू पारखण्यासाठी गिऱ्हाइकाला मुदती दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. याच यादीत विकत घेतलेल्या स्त्री-पुरुषांसाठीही मुदती आहेत, हे सांगताना वर्ग एकदम शांत होई, आणि व्हायलाच हवा. म. म. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या तिसऱ्या खंडात या साऱ्या व्यवहारविषयांची सविस्तर चर्चा आहे. काणे चिपळूणच्याच परिसरातले, ही गोष्ट मला त्या वर्षी आठवायला नको होती.

मुदतींची ती यादी मला पूर्वी नुसती मनोरंजक वाटे. त्या वर्षानंतर तिच्यातले शहाणपण दिसू लागले. जो दोष जितका उशिरा उघडा पडतो तितकी त्याची मुदत मोठी. बी रुजते की नाही हे पेरल्यावरच कळणार. लोखंड वाजवून पाहिले की कळते, म्हणून एक दिवस. माझी गाडी लोखंड होती की वाहणारे जनावर? आणि एकशे चाळीस नंबरच्या तेलाने मी जे केले ते नेमके हेच होते: दोष उघडा पडण्याची वेळ मी कोणत्याही मुदतीच्या पलीकडे ढकलली होती.

ऑगस्टमध्ये पोस्टकार्ड आले. चिपळूणच्या पावसात शाई थोडी फुटलेली होती. मजकूर थोडक्यात असा: गिअरबॉक्समधून मोठा आवाज येऊ लागला आहे, येथील मिस्त्रींनी उघडून पाहिले तर आत तेल जवळजवळ नव्हते, वेळोवेळी तेल पाहायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले, आपण गाडी इतकी वर्षे जिवापाड सांभाळली आणि मी सात महिन्यांत तिची ही अवस्था केली, याचे फार वाईट वाटते, आपण किती दिवसांनी तेल घालत होता ते कृपया कळवावे, म्हणजे पुन्हा माझ्या हातून चूक होणार नाही.

एवढ्या तेलाचे काय झाले, हे मला कार्ड हातात असतानाच कळले. सपाट रस्त्यावर शेपटीकडच्या सीलपर्यंत थोडेच तेल पोहोचते. चढावर गाडीचे नाक वर होते आणि सारे तेल मागे साचते, सीलवर उभे राहते. कुंभार्लीचा घाट चिपळूणकडून चढायचा म्हणजे तासाभराची एकसलग चढण. त्यात तेल तापून पातळ होणार. जे सील पुण्यात महिन्याला पेलाभर सोडत होते ते घाटात किती सोडत असेल? मला ते ठाऊक नसले, तरी घाटाचे ठाऊक होते. त्यांनी मला कराडचे सांगितले होते.

उत्तरात मी त्यांना कोणत्या नंबरचे तेल वापरावे आणि दर महिन्याला पातळी कशी पाहावी याची सविस्तर माहिती दिली. पत्र दोन पानी होते. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या पत्रांत इतके उपयुक्त आणि इतके लबाड पत्र दुसरे नाही.

त्या पत्रानंतर मला सिसेरो शिकवता येईना. शिकवत होतो, पण वर्गात बोलताना मध्येच थबकत असे. माझ्या लक्षात आले ते असे की सिसेरो, मनू, याज्ञवल्क्य आणि १९३० चा कायदा, हे सगळे हानीविषयी बोलतात. माल कमी किमतीचा होता, जास्त पैसे घेतले. ते परत करावेत किंवा करू नयेत. सिसेरोने दिलेल्या एका खटल्यात रोममधील सीलियन टेकडीवरच्या घराचा काही भाग पाडून टाकण्याचा हुकूम शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिलेला असतो. मालक तो लपवून घर विकतो, आणि न्यायाधीश केटो निर्णय देतो की ठाऊक असून न सांगणाऱ्याने नुकसान भरून द्यावे. न्याय्य निर्णय आहे. पण त्या खटल्यातल्या गिऱ्हाइकाला, घर पाडावे लागले तेव्हा, निदान हे ठाऊक होते की आपण काही चुकलो नाही. माझ्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नव्हते. मी त्यांना गळका गिअरबॉक्स दिला, ही हानी पैशात मोजता येते. पण त्याबरोबर मी त्यांना एक अपराधही दिला, जो माझा होता. न सांगितलेला दोष जेव्हा दुसऱ्याच्या हाती उघडा पडतो, तेव्हा तो त्याच्याच हातून घडल्यासारखा दिसतो. माणूस जितका सरळ, तितका तो स्वतःवर अधिक संशय घेतो. लबाड गिऱ्हाइकाने मला शिव्या दिल्या असत्या आणि आम्ही दोघेही मोकळे झालो असतो.

आणि मग ती नऊ वर्षे पुन्हा समोर आली. गळती तीच, सील तेच, चर तोच. माझ्याकडे असताना जी गोष्ट पेलाभर तेलाची होती, तीच त्यांच्याकडे जाताच गिअरबॉक्स खाणारी झाली. मध्ये बदलले काय? केवळ एक वाक्य गाडीबरोबर गेले नाही: मागचे सील गळते, महिन्याला तेल घाला. म्हणजे मी त्यांना विकली ती माझी गाडी नव्हतीच. माझ्या गाडीत ते वाक्य एखाद्या भागासारखे बसवलेले होते. ते मी काढून घेतले आणि उरलेली गाडी पूर्ण म्हणून विकली. डायोजिनीस ज्याला नुसते न सांगणे म्हणतो, ते अशा वस्तूंच्या बाबतीत शक्यच नसते असे मला वाटू लागले. धान्याच्या बाबतीत असेल. मागून येणारी जहाजे हा काही धान्याचा भाग नाही. पण जुनी गाडी, जुने घर, जनावर, विहीर, यांच्या मोडतोडीचे ज्ञान हा त्या वस्तूचाच भाग असतो, आणि ते काढून घेणे हे चाक काढून घेण्यासारखेच आहे. एवढेच की चाक नसलेले दिसते.

माझ्या एका सहकाऱ्याने, तो अर्थशास्त्राचा, यावर म्हटले की असे असेल तर जगात जुनी गाडी विकलीच जाणार नाही. मला तसे वाटत नाही. त्या वाक्याची किंमत मी तेव्हा फार धरली होती. ती तीन हजार रुपयांची असेल. शिक्षक गृहस्थांनी तेवढे कमी देऊन गाडी घेतली असती आणि दर महिन्याला गाडीखाली शिरले असते.

दिवाळीनंतर मी चिपळूणला गेलो. गाडी शाळेमागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. खर्च परवडेना म्हणून तशीच ठेवलेली. मी चहाच्या आधीच सांगून टाकले. चहा पिऊन सांगणे मला जमले नसते. एकशे चाळीसचे सांगितले, फरशी घासल्याचे सांगितले, पत्राचेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत वळून पत्नीला म्हणाले, “ऐकलंस का? माझ्या हातनं झालं नव्हतं.” आतून काही उत्तर आले नाही. त्या एका वाक्यावरून तीन महिने त्या घरात काय बोलले गेले असेल ते मला कळले. माझ्याकडे पाहून ते रागावले नाहीत, आणि क्षमा केली असेही म्हणाले नाहीत. क्षमेचा विषयच त्यांनी काढला नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही आदर करतो.

गिअरबॉक्स उतरवून टेम्पोने पुण्याला आणला. खर्च माझा, हे मी आधीच बोललो होतो. उस्तादांनी तो उघडला तेव्हा खालच्या दांड्याची बेअरिंगे निळी पडली होती, तिसऱ्या गिअरचे दात खरवडले होते, आणि सिंक्रोमेशच्या पितळी कड्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनी मला काही विचारले नाही. खालचा दांडा, बेअरिंगे, कड्या नव्या घातल्या. चर पडलेली कॉलर लेथवाल्याकडे पाठवून तिच्यावर धातू चढवून घेतला आणि ती पुन्हा घासून गुळगुळीत करून आणली. झाकणांची पॅकिंगे त्यांनी तिथेच कापली: जाड कागद झाकणावर ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचे, की कडच कागद कापते. सील बसवण्याआधी त्याच्या कडेला बोटाने तेल लावले. कोरडे सील पहिल्या फेऱ्यातच जळते, असे ते म्हणाले. शेवटी नव्वद नंबर भरले. गिऱ्हाइकाने आणलेले ‘भारी’ नवे तेल त्यांनी परत पाठवल्याचे मी पूर्वी पाहिले होते. काही तेलांतली जास्तीची औषधे जुन्या गिअरबॉक्समधले पितळ खातात, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते.

काम उत्तम झाले. तरी आठवड्याला एखादा थेंब येईल, असे त्यांनी आधीच सांगितले आणि बिलावर लिहिलेही.

मी ते बिल घेऊन गिअरबॉक्सबरोबर पुन्हा चिपळूणला गेलो. गाडी जोडून झाली. शिक्षक गृहस्थांनी ती बाजारापर्यंत चालवून आणली, खाली वाकून पाहिले, आणि गाडीखाली एका डब्याचे झाकण सरकवून ठेवले. मग फाईल काढून नवे बिल तिच्यात लावले. पाने मागे उलटत ते एका ठिकाणी थांबले.

“जानेवारीचं बिल यात नाही,” ते म्हणाले. “एकशे चाळीसचं. तुमच्याकडे असेल ना?”

मी असल्याचे सांगितले.

“ते पाठवून द्या. क्रम लागायला हवा.”

पुण्याला आल्यावर मी खण उघडला. बिल तिथेच होते, घडी न मोडता. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. आठ दिवसांनी पोचपावती आली, तिच्यावर शाळेतल्या वळणदार अक्षरात त्यांची सही होती.